शिफारस वर पाठवली होती

गुरुवारी दुपारी एका बाईने माझ्यापुढे निळी फाइल ठेवली, आणि पहिल्याच पानावर मला माझ्याच लष्करी कंपनीचं नाव दिसलं. बटालियन, कंपनी, साल एकोणीसशे एकोणसत्तर. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला, पण नाव तेच होतं. गेली चौदा वर्षं दर गुरुवारी मी टोलेडोच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, कॉफीच्या यंत्राशेजारच्या टेबलावर बसतो आणि लोकांचे लष्करी कागद दुरुस्त करून देतो. कुणाच्या सेवामुक्तीच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकलेली असते, कुणाचं युद्धातलं आख्खं वर्ष गायब असतं, कुणी उजवा पाय ओढत माझ्यापर्यंत येतो आणि कागद म्हणतो की याला जखम झालीच नव्हती. मी अर्ज भरतो, पुरावे जोडतो, सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारून देतो. बहुतेकांना ठाऊक नसतं की मूळ दाखला कधीच बदलत नाही. चूक आहे तिथेच राहते आणि तिला दुरुस्तीचा दुसरा कागद जोडला जातो. हे सांगितलं की माणसं जरा हिरमुसतात. मग मी म्हणतो, मिळतंय ते घ्या. हॉलमध्ये मला मान आहे. नॉर्बर्ट पॉलककडे जा, तो सरकारला पाझर फोडतो, असं म्हणतात. मला ते ऐकायला आवडतं. सत्त्याहत्तरी आली तरी कौतुकाची हाव काही सुटत नाही.

बाईने आपलं नाव इव्हेट टॉलिव्हर असं सांगितलं. डेट्रॉइटहून तासभर गाडी चालवत ती खास मला भेटायला आली होती. टॉलिव्हर हे नाव ऐकलं आणि माझ्या कानशिलांत टकटक सुरू झाली. पन्नाशीची, नीटनेटकी बाई, दंतवैद्याच्या कचेरीत काम करणारी. फाइलमध्ये तिने रंगीत चिठ्ठ्या लावून सगळं लावून ठेवलं होतं. तिने न थांबता सांगितलं ते असं. तिचे वडील, क्लिओफस टॉलिव्हर, माझ्याच कंपनीत होते. लढाईविषयी घरात कधी अवाक्षर काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी आर्कान्सामधून वेंडेल नावाच्या एका म्हाताऱ्याचा फोन आला. तो फोनवर रडत होता. म्हणाला, भातखाचरातून गोळ्या चालू असताना तुझ्या बापाने मला आणि आणखी एकाला पाठीवरून बाहेर काढलं, कॅप्टनने स्वतः पाहिलं, शौर्याचा ब्राँझ स्टार त्याला मिळाला असेलच. वडिलांच्या दाखल्यावर तर नेहमीची दोन-तीन पदकं, हजेरी लावली म्हणून सगळ्यांनाच मिळतात ती. वेंडेलने साक्ष लिहून दिली. पण लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाने कळवलं की शिफारस झाली होती आणि ती वर गेली होती, याचा पुरावा हवा. कॅप्टन तर युद्धातच मारला गेला. मग तिने कंपनीच्या जुन्या यादीत शोधलं, तर कारकून म्हणून माझं नाव.

"मिस्टर पॉलक, सगळे कागद तुमच्याच हातून जायचे ना?" ती म्हणाली. "तुम्हाला काही आठवतं का?"

मी म्हणालो, बघावं लागेल, खूप वर्षं झाली. ती म्हणाली की बाबांची फुप्फुसं गेली आहेत, डॉक्टर वर्षाचीही खात्री देत नाहीत. अर्जावर त्यांनी सही केली ती केवळ तिच्या हट्टापायी. कुणी काही लिहिलंच नव्हतं, उगाच पेट्रोल जाळतेस, असं म्हणाले. मी मान हलवली. टेबलाच्या त्या बाजूला बसणारी सगळीच म्हातारी माणसं असं म्हणतात, म्हणून त्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही.

मला सगळं आठवत होतं. गाडीत बसलो, किल्ली फिरवली, आणि लाग्रँज स्ट्रीटवरच्या तिन्ही सिग्नलना मागच्यांनी भोंगे वाजवेपर्यंत मी हललो नाही. कॅप्टन ड्वायर पिवळ्या कागदावर पेन्सिलीने लिहायचे, आणि त्यांच्या 'टी'ची आडवी रेघ इतकी लांब असायची की पुढचे दोन शब्द खोडल्यासारखे दिसायचे. त्या दिवशी त्यांनी दीड पान लिहून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, हे नीट टाइप कर, एकही चूक नको, या माणसाने आज जे केलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी टाइप केलं. नीट केलं. माझ्या टायपिंगमध्ये चुका नसायच्या, एवढीच एक गोष्ट मला तिथे येत होती. कॅप्टननी सही केली. आता ते पाकिटात घालून दुपारच्या हेलिकॉप्टरने बटालियनकडे पाठवायचं, एवढंच काम होतं. मी ते खणात ठेवलं.

त्याचं कारण इतकं क्षुल्लक आहे की ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पाद्र्यालाही नाही. तळावर एकदा तोफगोळे पडले, दूर, कुंपणापलीकडे, आणि मी टाइपरायटर पोटाशी धरून टेबलाखाली शिरलो. का धरला देव जाणे. टॉलिव्हरने ते पाहिलं. संध्याकाळी जेवणाच्या रांगेत त्याने त्याची नक्कल केली, ताट छातीशी धरून, डोळे मिटून, आणि आख्खी रांग हसली. मीसुद्धा हसलो, कारण तिथे न हसणं म्हणजे आणखी हसू करून घेणं. त्या दिवसापासून मी टकटक्या झालो. काय टकटक्या, आज किती शत्रू टाइप केलेस? हे रोज. तो ते मजेने म्हणायचा, त्यात विष नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि तो काळा होता. हेही सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल. एखाद्या गोऱ्याने नक्कल केली असती तर मला इतकं झोंबलं असतं का? मी आमच्या पोलिश वस्तीतून, जिथे चर्चपलीकडच्या रस्त्यालाही आम्ही परका मुलूख समजायचो, तिथून उठून गेलेला पोरगा होतो. झोंबलं नसतं, असं मला वाटतं. म्हटलं, राहू दे आठवडाभर. शूर आहे ना, थांबेल. कारकुनाच्या हातात बंदूक नसते, पण उशीर असतो, आणि तो लागला तर रक्त येत नाही.

आठवडा गेला. मी पाठवणार होतो, खरंच पाठवणार होतो. पण अकराव्या दिवशी कॅप्टन ड्वायर मारले गेले, आणि त्या धावपळीत नवीन कॅप्टन आला, त्याने पहिल्याच सकाळी विचारलं की काही तुंबलेलं आहे का, आणि मी नाही म्हणालो. आता पाठवलं तर तारीख बोलणार होती. दोन आठवडे हा कागद कुठे होता, असं कुणीतरी विचारलं असतं. तीन आठवड्यांनी ते आणखी अवघड झालं, महिन्याने त्याहून. लोक समजतात की पाप म्हणजे एकदा काहीतरी केलेलं असतं. माझं तसं नव्हतं, मला ते रोज सकाळी खण उघडून नव्याने करावं लागत होतं. टॉलिव्हर नोव्हेंबरात घरी गेला. माझी पाळी डिसेंबरात आली. जायच्या दिवशी मी टेबल साफ केलं आणि अर्ध्यात कापलेल्या पिंपात, जिथे आम्ही रद्दी जाळायचो, तिथे बाकीच्या कागदांबरोबर तेही टाकलं. पिवळं दीड पानही. काडी ओढताना मी विमानाच्या वेळेचा विचार करत होतो.

घरी आर्लीन कोबीची पानं उकडत होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिला माझ्या पावलांवरून कळतं की काही बिनसलंय. मी तिला अर्धी गोष्ट सांगितली, म्हणजे इव्हेट आली, वडील आजारी आहेत, साक्ष हवी आहे, एवढी.

"मग दे की लिहून," ती म्हणाली. "अनोळखी माणसांसाठी तुझे गुरुवारच्या गुरुवार जातात. हा तर तुझ्याबरोबरचा. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?"

"नियम आहेत त्याचे."

"तू आणि तुझे नियम. त्या बाईला रडवू नकोस, एवढंच सांगते."

नियम खरोखरच होते, आणि माझ्याइतके ते त्या शहरात कुणाला पाठ नव्हते. शिफारस वर पाठवली आणि वाटेत गहाळ झाली, असं शपथेवर सांगणारा कुणी असेल तर दुरुस्ती सहा-आठ महिन्यांत होते. शिफारस कचेरीतून बाहेरच गेली नाही, तर कायद्याच्या दृष्टीने ती झालीच नाही. मग सगळं नव्याने, खासदाराच्या मार्फत, दोन-तीन वर्षं, आणि एवढं करून मिळेलच असं नाही. क्लिओफस टॉलिव्हरकडे वर्ष नव्हतं. म्हणजे मी खरं लिहिलं तर पदक जाणार आणि खोटं लिहिलं तर मिळणार. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आधी खरं लिहिलं. 'मी ती शिफारस टाइप केली आणि मुद्दाम पाठवली नाही.' वाचून पाहिलं. साधं वाक्य होतं, चूक नव्हती. मग मी ते फाडून सिंकखालच्या डब्यात, कोबीच्या जाड शिरांच्या खाली घातलं. मी स्वतःला सांगितलं की हे मी त्याच्यासाठी करतोय. त्यात खोटं काही नव्हतं, आणि तरीही मला माझी शिसारी आली, कारण ते माझ्यासाठी इतकं सोयीचं होतं. आयुष्यात माझ्या बाजूने कधी काही जुळून आलं नाही, आणि जुळलं ते हे. दुसऱ्या कागदावर मी लिहिलं की कॅप्टन ड्वायर यांनी स्वहस्ते शिफारस लिहिली, मी टाइप केली, त्यांनी सही केली, आणि मी ती त्याच दुपारी वर पाठवली. हॉलमधल्या नोटरीपुढे उजवा हात वर केला. नोटरीने शिक्का मारला आणि मला विचारलं की शुक्रवारी माशाच्या जेवणाला येतोयस ना. मी हो म्हणालो.

सात महिन्यांनी इव्हेटचा फोन आला. आधी ती बोललीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मला वाटलं क्लिओफस गेला. मग म्हणाली, मंजूर झालं. दुरुस्तीचा कागद आला होता, पदक डबीतून आलं होतं. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर घरी थोडी माणसं येणार होती आणि तुम्ही यायलाच हवं, तुमच्याशिवाय हे झालंच नसतं. मी पाठदुखीचं निमित्त काढलं. आर्लीनने माझ्या हातातून फोन घेऊन तिला सांगितलं की येतोय तो. रविवारी सकाळी तिने खसखस भरलेली गोड गुंडाळी भाजली, गाडीत बसल्यावर ती माझ्या मांडीवर ठेवली, कोटावरचा धागा उचलला, म्हणाली, चांगलं काम केलंस तर चांगलं तोंड कर. गुडघ्यांमुळे ती आली नाही. डेट्रॉइटपर्यंत ते पुडकं मांडीवर गरम होतं आणि मला सारखं वाटत होतं की ते कुठेतरी वाटेत ठेवून द्यावं आणि परत फिरावं.

घर माणसांनी भरलेलं होतं. चर्चमधल्या बायका मोठमोठ्या टोप्या घालून आल्या होत्या, ओव्हनमध्ये मॅकरोनी होती, एका पोरीने माझा कोट घेतला. इव्हेटने मला मिठी मारली आणि सगळ्यांना सांगितलं की हेच ते. बायकांनी माझे हात हातात घेतले. एकीने देव तुमचं भलं करो म्हटलं आणि मी, लाज कशी वाटली नाही कोण जाणे, आपलंही म्हणालो. क्लिओफस खिडकीशी खुर्चीत बसला होता. इतका दांडगा माणूस, त्याची नुसती हाडं आणि शर्ट उरला होता, नाकात प्राणवायूची नळी. इव्हेटच्या मुलाने कागद मोठ्याने वाचला आणि ते पदक आजोबांच्या शर्टाला लावलं. टाळ्या झाल्या. क्लिओफसने कुणाकडे पाहिलं नाही, त्याच्या मांडीवर कागदांची एक चळत होती आणि तो बोटाने वरच्या कागदाचा कोपरा चाचपत होता. तो कागद मला लांबूनही ओळखू आला. निकालाबरोबर अर्जाच्या सगळ्या प्रती परत येतात, हे मी चौदा वर्षं लोकांना सांगत आलो होतो, आणि हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. थोड्या वेळाने तो इव्हेटला म्हणाला की मला या माणसाशी जुन्या गोष्टी बोलायच्या आहेत, तुम्ही सगळे जरा जेवून घ्या. ती आमच्याकडे बघून हसली, डोळे पुसत आत गेली.

"दार लोट, टकटक्या," तो म्हणाला.

पंचावन्न वर्षांनी ते नाव ऐकून मला बरं वाटलं, इतका मी मूर्ख. मी दार लोटलं आणि समोर बसलो.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"कॅप्टनने लिहिलं. तू टाइप केलं. वर पाठवलं."

"हो, क्लिओफस."

नळीतून फुसफुस येत राहिली. त्याला एकेका वाक्यासाठी थांबावं लागत होतं.

"मी तुला विचारायला आलो होतो. घरी निघालो त्याच्या आदल्या दिवशी. तुझ्या टेबलापाशी, टोपी काढून. कॅप्टन मला म्हणाले होते की मी तुझ्याबद्दल लिहून दिलंय. त्याचं काय झालं, म्हणून विचारलं. तू वर न बघता म्हणालास, त्यांनी काही लिहिलं नव्हतं."

मला आठवेना. 'शपथेवर सांगतो' म्हणण्याची सोय मी घालवून बसलो होतो, पण मला आठवेना. मला खण आठवत होता, काडी आठवत होती, पिंपावरचा गंज आठवत होता, आणि हे नाही. मग हळूहळू ती टोपी आठवली. भिजलेली होती, तिच्या कडेवरून माझ्या कागदांवर पाणी ठिबकत होतं, आणि मी कागद अलीकडे ओढले होते. ती शिफारस ज्या खणात होती त्यावर माझं कोपर होतं.

"म्हणजे दोन्हींतलं एक खोटं," तो म्हणाला. "कुठलं, ते मला कळलं. तू नको सांगूस."

मी म्हणालो की मी बाहेर जाऊन सांगतो. इव्हेटला सांगतो, सगळ्यांना सांगतो. मंडळाला कळवतो.

"नाही सांगणार तू. खरं कळलं तर हे काढून नेतील. माझ्या थडग्याच्या दगडावर कोरायचंय तिला, दगडवाल्याला सांगून ठेवलंय. तुझ्या खोट्यावरच मला झोपायचंय आता. ही सोयही तूच करून ठेवलीस."

बाहेर कुणीतरी हसलं, थाळ्या वाजल्या.

"पदकाचं मला कधीच काही नव्हतं," तो म्हणाला. "त्या माणसाने माझ्या तोंडावर मला फसवलं, असं मी धरून चाललो. गोरा कॅप्टन, काळ्या पोराला थाप मारून गेला, म्हटलं यात नवल काय. मेलेल्या माणसाला मी पंचावन्न वर्षं शिव्या दिल्या. माझ्या मांडीवर गेला तो. त्याच्या आईची मला तीन पत्रं आली, केंटकीहून. त्याने घरी माझं नाव लिहिलं होतं. तिला एवढंच विचारायचं होतं की शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, आणि तो काही बोलला का. मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या पत्रात म्हातारीने तिकीट लावलेलं पाकीट पाठवलं होतं. तेसुद्धा फेकून दिलं. अठ्ठ्याऐंशी साली गेली ती."

"मला माफ कर," मी म्हणालो. ते शब्द मी इतकी वर्षं मनात टाइप करून ठेवले होते, आणि बाहेर आले तेव्हा कुणीतरी अर्जाचा क्रमांक सांगावा तसे आले.

त्याने हाताने ते बाजूला सारलं. श्वासाबरोबर शर्टावरचं पदक वर-खाली होत होतं.

"पेन आहे?"

माझ्या खिशात पेन असतंच. त्याने माझ्या प्रतिज्ञापत्राची प्रत उलटी करून माझ्यापुढे केली. मागची बाजू कोरी होती.

"लिही. प्रिय मिसेस ड्वायर. तुमच्या मुलाजवळ शेवटी मी होतो. तो एकटा नव्हता."

मी लिहिलं. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

"त्याला फार दुखलं नाही, असं लिहू नकोस. दुखलं. त्याने पाणी मागितलं, मी दिलं. त्याने तुमचं नाव घेतलं, मग बहिणीचं घेतलं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. हे मला आज कळलं. पूर्णविराम दे. उत्तराला उशीर झाला याची माफी मागतो."

त्याने खाली सही केली, पुरं नाव लिहिलं. मी कागदाची नीट तिहेरी घडी घातली, कडा नखाने दाबल्या, आणि आयुष्यभराच्या सवयीने विचारून गेलो की पत्ता काय घालू.

"पत्ता कशाला?" क्लिओफस म्हणाला. "तू थोडाच पाठवणार आहेस."